बोटभर कमी

डेल ब्रुसोनं लाकडाची बारीक काठी रायफलीच्या नळीत वरून सोडली, ती आत बोल्टला टेकली तसं तोंडाशी नखानं खूण केली, काठी बाहेर काढून टेपवर ठेवली आणि त्याची शीळ थांबली. ऐली त्याच्या बंदुकांच्या दुकानात शिरल्यापासून तो कसली तरी जुनी चाल शिळेवर घोळवत होता, आणि तिला ती बरी वाटत होती. दवाखान्यातल्या बायका काम करताना गुणगुणतात तशी. आता ती मध्येच तुटली. त्यानं काठी पुन्हा आत घातली, पुन्हा खूण केली. मग रायफल दोन्ही हातांनी उचलून, एखाद्याचं रडणारं मूल परत करावं तशी, काउंटरवरून तिच्याकडे सरकवली. "हाकोलाबाई, ही आधी तुम्ही धरा," तो म्हणाला. तिला वाटलं, काही मोडलं असेल. पुढची माशी बसवून हवी होती, तेवढ्यासाठीच ती आली होती. कापलेल्या तुकड्याबरोबर माशीही गेली होती आणि नेम धरायला पुढे काही उरलं नव्हतं. "बसत नाही का?" तिनं विचारलं. डेल म्हणाला, "बसवता येईल हो. पण मी ती ठेवूनच घेऊ शकत नाही. ही नळी कुणी कापली?" ऐलीनं अगदी खुशीत सांगितलं, "मी." आणि सांगतानाच तिच्या लक्षात आलं की ह्या प्रश्नाचं उत्तर इतक्या खुशीत द्यायचं नसतं.

सोळा इंचांच्या खाली, तो म्हणाला. रायफलीची नळी सोळाच्या खाली गेली की ती साधी रायफल राहत नाही. सरकारच्या लेखी ती वेगळीच वस्तू होते, तिची आधी नोंद लागते, परवानगी लागते. आणि ती न घेता कापली तर? तर दहा वर्षांपर्यंत आत, बाई. पंधरा आणि थोडी भरते आहे ही. बोटभर कमी. ऐलीनं खाली पाहिलं. चाळीस वर्षं तिनं बंदरातल्या होड्यांची कव्हरं शिवली होती, शिडं दुरुस्त केली होती, लग्नाचे कोट उसवून पुन्हा बेतले होते, आणि बोटभर कमी हे शब्द तिनं गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवले असतील. तेव्हा त्यांचा अर्थ एवढाच असायचा की अस्तर सोडून घेऊ, दोन दिवसांनी या. तिनं नळी नवऱ्याच्या, वर्नरच्या, अंगावर बेतली होती. लकवा झाल्यापासून तो चाकाच्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डावा तेवढा शाबूत. तिनं रायफल त्याच्या डाव्या हातात देऊन, ती पुढून कुठवर जड पडते ते पाहिलं होतं, जिथे त्याचं मनगट थरथरायचं थांबलं तिथे खडूनं रेघ मारली होती. त्या रेघेवर कापलं होतं. ह्यात सोळा कुठून आले? कुणाचे सोळा? "मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "ते मला दिसतंच आहे," डेल म्हणाला, "पण त्यांना ते दिसेलच असं नाही. एवढं सगळं करण्यापेक्षा पोरांसाठी हलकी रायफल मिळते, ती का नाही घेतलीत?" "त्याला हीच हवी होती. बोलता येत नाही त्याला. रोज भिंतीकडे बोट दाखवायचा."

डेलनं फोन उचलला. आता हा पोलिसांना बोलावणार, हे तिला इतकं स्वच्छ वाटलं की तिनं कोटाची बटणं लावून घेतली, जणू न्यायचंच असेल तर नीट कपड्यांत न्यावं. खिडकीतून खाली सरोवर दिसत होतं, त्यावर लोखंडाच्या खनिजाचं एक लांबलचक जहाज पुलाकडे सरकत होतं, आणि तिला वाटलं, ते जहाज आत येईपर्यंत आपण बाहेर गेलेलो असू. पण डेल म्हणत होता, "कॅरोल, आहेस का जागेवर? माझ्यासमोर एक बाई आहेत. नाही, दारुडी नाही, भली बाई आहे. नवऱ्यासाठी रायफल कापून बसली आहे." मग त्यानं फोन तिच्या हातात दिला. पलीकडचा आवाज बाईचा, खोकल्यानं खरखरीत झालेला. वकील होती, कॅरोल ट्वेतेन. "रायफल आत्ता कुणाच्या हातात आहे?" "माझ्या." "तिथेच राहू दे. डेलच्या हातात देऊ नका, त्याला परवान्याचं दुकान चालवायचं आहे. आता मला सगळं सांगा, आणि मला सांगितलंत की दुसऱ्या कुणालाही सांगू नका. तुमची ती बहीण असेल ना चर्चमध्ये, तिलाही नाही." ऐलीला बहीण नव्हती, पण तिनं हो म्हटलं. सगळं ऐकून वकीलबाई म्हणाली, "कागद आधी आणि करवत नंतर, असं असतं ते. तुम्ही उलट केलंत. आता मागाहून नोंदणी होत नाही, कितीही फॉर्म भरलेत तरी. म्हणून ती वस्तूच राहता कामा नये. नळी मागच्या लोखंडी पेटीपासून, बोल्ट बसतो त्या भागापासून, सुटी करायची आणि नष्ट करायची. नुसती सुटी करून फडताळात ठेवायची नाही. दोन्ही एका घरात असली तरी ते जोडायच्या तयारीत आहात असं म्हणतात. कळलं? आजच." आणि मग, जरा थांबून, "नंबर घासलात का कुठे?" पेटीवरचे ते नंबर आणि फिनलंडच्या सैन्याची ती चौकोनातली दोन अक्षरं वर्नरच्या तळव्याला टोचतील म्हणून ऐली घासणारच होती. सँडपेपर संपला होता. "नाही," ती म्हणाली. "छान. तो वेगळा गुन्हा झाला असता." सँडपेपर संपला होता, ऐली मनात म्हणत राहिली, देवा, सँडपेपर संपला होता.

घरी जाताना रायफल डिकीत, ब्लँकेटमध्ये, बोल्ट काढून तिच्या पर्समध्ये. उतारावरून गाडी खाली घेताना प्रत्येक सिग्नल तिला लाल लागला आणि प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस तिच्याकडे पाहत होता. आयुष्यात तिनं लायब्ररीचं पुस्तकसुद्धा मुदतीनंतर परत केलं नव्हतं. आणि तरी हेही खरं होतं की तो रविवार, गॅरेजचा दरवाजा अर्धा वर, थंड उजेड, व्हाइसमध्ये धरलेली नळी आणि हातात करवत, तो वर्नर आजारी पडल्यापासूनचा तिचा पहिला सुखाचा दिवस होता. तोवर तिनं फक्त सोसलं होतं. गोळ्या भरवल्या, चादरी बदलल्या, त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळणारं सूप पुसलं, आणि ह्यातलं काहीही केल्यानं काहीही बदललं नाही. लोखंड मात्र बदललं. करवतीनं आधी नुसता ओरखडा काढला, मग चांदीसारखी रेघ, मग पाती गरम होऊन वास येऊ लागला, आणि शेवटी तुकडा फरशीवर पडला तेव्हा इतका टणटणीत आवाज झाला की आतून वर्नरनं हाक मारल्यासारखा घोगरा आवाज काढला आणि ती ओरडली, "काही नाही रे, तुझ्यासाठी करतेय!" त्या आनंदाला दहा वर्षं लिहिलेली होती. लोखंड कापताना ती काय मनात धरून होती ते नळीवर कुठेही उमटलेलं नव्हतं. दरोड्यासाठी कापली असती तरी तोंड असंच दिसलं असतं, असंच कानशीनं गुळगुळीत केलेलं.

आणि कापलं कुणाचं? ताउनोचं. सासऱ्याला ती नवऱ्याप्रमाणे 'इसा'च, म्हणजे बाबाच, म्हणायची. इसा फिनलंडच्या बर्फातल्या लढाईतून जिवंत राहिलेला, मग आटलांटिक ओलांडून इथे खनिजाच्या गोदीवर लागलेला, आणि एका शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेला तर तिथे पिंपात छत्र्यांसारख्या रायफली उभ्या करून ठेवलेल्या. त्याच जातीच्या, तशीच त्यानं खांद्यावर वाहिली होती. जुन्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या, कुणीही यावं आणि हरणासाठी एक उचलून न्यावी. दुकानदाराला म्हणे त्यानं विचारलं, "ह्या इथे कशा आल्या?" दुकानदार म्हणाला, "तुम्ही आलात तशाच." हे सांगताना इसा हसायचा नाही. घरोघरी माणसांनी त्या कापल्या, तासल्या, लाकडी दस्ते छिलून हलके केले. त्यानं मात्र घरी आणलेल्या रायफलीला करवत लावली नाही. लग्न होऊन ऐली आली तेव्हा रायफल स्वयंपाकघराच्या दाराच्या वर भिंतीला टांगलेली होती, आणि तिच्याखालून जाताना ती पहिलं वर्षभर मान वाकवायची, उंचीचा काही प्रश्न नसताना. इसा गेल्यावर दर नोव्हेंबरला वर्नर ती उतरवायचा. ऐली कधी बरोबर गेली नाही. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत बायका घरी थांबून पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, भाजतात असंच तिनं पाहिलेलं, आणि वर्नरनंही कधी चल म्हटलं नाही. की म्हटलं होतं? एकदा, मुली लहान असताना, दारात बूट चढवता चढवता तो म्हणाला होता, "बाहेर फार शांत असतं, ऐली," आणि ती म्हणाली होती, "मग जा की शांततेत, इथे तरी एक तोंड कमी होईल." दोघंही हसली होती. ते वाक्य आता गाडीत तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसलं.

वर्नर खिडकीशी होता. तिनं कोट न काढता त्याच्या समोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, डेलची काठी, वकीलबाईंचा खोकला, दहा वर्षं, आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं. "तुझ्या बापाची वस्तू मी कापली आणि आता उरली ती पण तोडायची आहे. तू रोज तिच्याकडे बोट दाखवायचास, मला वाटलं तुला जायचंय. मला दुसरं काय कळणार? तू बोलत का नाहीस रे!" हे तिनं इतके महिने म्हटलं नव्हतं. वर्नरच्या चेहऱ्याची डावी बाजू काहीतरी करू लागली. त्यानं डावा हात उचलला, भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवलं, रोजच्यासारखंच. मग ते बोट, रोज ती उठून जायची म्हणून जे पुढे कधी पोचलंच नव्हतं, हळूहळू खोलीभर फिरलं आणि तिच्या छातीसमोर येऊन थांबलं. "तू," तो म्हणाला. शब्द ओला, अर्धा, पण शब्द. "मी काय?" "तू. जा." तिला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि ती म्हणाली, "मी? मी जाऊ? हरणं मारायला? अरे मला माशी आणि खटका ह्यातला फरक गेल्या महिन्यात कळलाय!" आणि वर्नर हसला. खुर्चीत घरंगळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, घशात घरघर होईपर्यंत हसला. कापलेल्या रायफलीवर, तिच्यावर, त्याच्या मापानं बेतलेल्या तिच्या गुन्ह्यावर. तिनं त्याला सरळ केलं, तोंड पुसलं, आणि पुसताना त्यानं तिचा हात धरून ठेवला, घट्ट, शाबूत हातानं. कापल्याबद्दल तो रागावला नव्हता. कुणीतरी आपल्यासाठी इतका वेडेपणा केला ह्याचं त्याला कौतुक वाटत होतं, हे त्या पकडीत स्पष्ट होतं, आणि ऐलीला वाटलं, आपण इतके दिवस शब्दांची वाट बघत बसलो.

संध्याकाळ व्हायच्या आत डेल आला, दुकान बंद करून, स्वतःच्या गाडीत लांब लोखंडी पान्हा टाकून. "मी इथे शेजारी म्हणून आलोय," त्यानं दारातच जाहीर केलं, "कॅरोलनं असंच म्हणायला सांगितलंय, आणि तसा मी तुमच्यापासून दोनच गल्ल्यांवर राहतो." नळी निघेना. ह्या जातीच्या नळ्या अशाच, तो म्हणाला, कारखान्यात बसवल्या त्या दिवसापासून कुणी हलवलेल्या नसतात. त्यानं तेल सोडलं, गरम केलं, शिव्या दिल्या आणि ऐलीची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कसली, मला पण द्यायच्यात." मग तिनंही पान्ह्याला हात घातला, चाळीस वर्षं जाड ताडपत्री ओढलेले हात होते ते. तरी निघेना. तेव्हा खुर्चीची चाकं वाजली. वर्नर उंबऱ्याच्या फळीवरून गॅरेजमध्ये आला आणि त्यानं डावा हात पान्ह्याच्या टोकावर, दोघांच्या हातांच्या वर, ठेवला. "एक, दोन," डेल म्हणाला, आणि तीनच्या आधीच वर्नरनं ओढलं. फटकन आवाज झाला, तिघंही थोडी थोडी पडली. नळी सुटली होती. डेलनं ती तिथेच तीन जागी कापली, तुकडे चेपले आणि वकीलबाईंसाठी फोटो काढला. राहिली ती लोखंडी पेटी, इसाच्या नंबरासह. "ही ठेवा," तो म्हणाला, "ही एकटी कुणाचं काही बिघडवत नाही. आणि पुन्हा कधी करवत घ्यावीशी वाटली तर आधी मला फोन करा. कायदा कापायला नाही म्हणत नाही, बाई. किती कापायचं ते विचारून घ्या म्हणतो."

त्याला जेवायला थांबवलं. माशाचं सूप, राय ब्रेड, पुल्ला. डेल दोनदा वाढून घेता घेता म्हणाला की त्याच्या बापानंही अशीच एक कापली होती, पण सोळाच्या पुष्कळ वर. डेल गेल्यावर ऐली भांडी घासत उभी राहिली आणि तिला आत्ता कुठे भीती वाटू लागली. तो गप्प राहिला असता तर. माशी बसवून, पैसे घेऊन, हसून दार उघडून धरलं असतं तर, किंवा फोन उचलून दुसराच नंबर फिरवला असता तर. आयुष्यभर लोकांनी तिला हो म्हटलं होतं. ती कामाची होती, तिचा टाका सुटत नसे, तिला कोण नाही म्हणणार? लकव्यानंतर तर सगळेच हो म्हणत होते. तू करतेस ते बरोबर, ऐली. तुझी हिंमत मोठी, ऐली. त्या हो-होच्या गुळगुळीत उतारावरून ती केव्हापासून घसरत होती कोण जाणे, आणि एका अनोळखी माणसानं मध्ये हात आडवा धरला होता. हे आभार कुणाला पोचवायचे ते तिला कळेना. डेलचे मानले तर तो लाजला होता. उरलेले हातांतच राहिले, साबणाच्या पाण्यात.

पुढच्या आठवड्यांत डेलनं कुठल्याशा मोडलेल्या रायफलीची पूर्ण लांबीची नळी शोधली आणि बसवून दिली. पुढचा दस्ता ऐलीनं आधीच तासून ठेवलेला, त्यामुळे नळी बाहेर उघडी राहिली. उंची वाढून बाह्या आखूड पडलेल्या पोरासारखी ती रायफल दिसू लागली. डेलनं तिला खाणीमागच्या मैदानात नेलं, आणि पहिल्या गोळीनंतर खांदा चोळत ती म्हणाली, "इसा हे रोज करत होता?" "त्याच्यावर कुणीतरी उलट पण झाडत होतं," डेल म्हणाला. तिनं दुसरी गोळी भरली.

नोव्हेंबरात ऐली आणि वर्नर शहराच्या उत्तरेला, इसानं घेतलेल्या जमिनीवर गेली. मुलींनी आधी येऊन फळ्यांची वाट करून दिली होती, त्यावरून तिनं खुर्ची ढकलत झुडपांच्या आडोशापर्यंत नेली. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत भडक नारिंगी, शिकाऱ्यांना तो रंग सक्तीचाच. बर्फ पडून गेलेला, वारा नाही. आणि खरोखरच फार शांत होतं. वर्नर मांडीवर ब्लँकेट घेऊन समोर पाहत होता; ऐलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, हा इथे इतकी वर्षं एकटा बसत होता, आणि ह्याला हेच मला दाखवायचं होतं. हरणी आली तेव्हा तिला आधी वर्नरच्या श्वासावरून कळलं. बर्चच्या खोडांमधून ती चालत आली, थांबली, कान हलवले. ऐलीनं रायफल उचलली, गाल टेकवला, श्वास सोडला, शिकवलं होतं तसंच सगळं केलं, आणि गोळी हरणीच्या पुष्कळ वर, कुठल्यातरी फांदीला लागून बर्फाचा लोंढा खाली आला. हरणीनं त्यांच्याकडे किंचित तुच्छतेनं पाहिलं आणि निघून गेली. "गेली," वर्नर म्हणाला. स्पष्ट. दोघं इतकी हसली की त्या दिवशी त्या रानात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

आलं ते माणूस. वनखात्याची अधिकारी, तरुण मुलगी, नाक लाल झालेली, गोळीच्या आवाजावर चालत आली होती. "नमस्कार, काही मिळालं का?" "एक फांदी," ऐली म्हणाली. मुलगी हसली आणि लायसन्स बघू म्हणाली. ऐलीनं ते दिलं. "रायफल रिकामी आहे ना? बघू शकते का?" आणि ऐलीच्या आत भीतीचं जे काही गोळा व्हायला हवं होतं, त्याची तिनं क्षणभर वाट पाहिली. ते आलंच नाही. तिनं बोल्ट उघडला, रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली. "बघा. हवं तेवढं बघा. मोजायची असेल तर मोजा." "मोजायचं काय?" मुलगी गोंधळली. तिनं आत डोकावून पाहिलं, पेटीवरच्या अक्षरांवरून हातमोज्याचा अंगठा फिरवला, म्हणाली, "फारच जुनी दिसते," आणि परत दिली. "सांभाळून जा, काळोख लवकर पडतो." ती झाडांत शिरलीसुद्धा, तेव्हा ऐलीला एकदम काहीतरी सुचलं. रायफल वर्नरच्या शेजारी टेकवून, पिशवीतला पुल्ल्याचा मोठा तुकडा कागदासकट घेऊन ती बर्फातून पाय उचलत धावली. "अहो, थांबा! हे घ्या. भाजलाय घरी." मुलीनं तो घेतला, ऊब आहे का बघावी तसा दोन हातांत धरला. "थँक्यू," ती म्हणाली, "पण कशाबद्दल?" ऐली धापा टाकत उभी होती. मागे, झाडांच्या पलीकडे, वर्नर तिला हाक मारत होता, अर्धवट, मोठ्यानं, न लाजता. "विचारलंत म्हणून," ती म्हणाली, आणि परत फिरली.